मुख आणि पृष्ठ

शब्दच बघा ना.
मुख म्हणजे तोंड, पृष्ठ म्हणजे पाठ.
समोर उभं राहून पाठमोरं असायचं
हे काम सव्वीस वर्षं मी कागदाकडून करून घेतो आहे,
म्हापशात, आंगडच्या एका गाळ्यात:
खाली टायरवाला, वर 'खाजन'चा दिवाळी अंक.

चवथ सरली की शांबाबाब मांद्रेकर जिना चढतात,
खुर्ची पुसतात, मगच बसतात, म्हणतात,
"औंदा कितें तरी वेगळें जाय."
वेगळं म्हणजे बाईच.
हातात समईऐवजी पणती.

पहिल्या वर्षी मी तीच दिली.
लाल प्लेट चार सूत सरकली
आणि बाईचे ओठ गालावर जाऊन बसले.
मडगावहून एका प्राध्यापकाचं पत्र आलं:
'आधुनिकतेकडे एक धीट पाऊल.'
पत्र फायलीत आहे. मशीनवाल्याला दाखवलं नाही,
पगार वाढवून मागितला असता.

मग इनास मास्तर आले, लिनोलियम घेऊन.
चॅपेलच्या फेस्ताची पत्रकं कोरून हात बसलेला.
म्हणायचे, काळं कोरायचं नसतं, बाबा,
पांढरं काढून टाकायचं,
काळं आपणच राहतं.
त्यांनी मानस कोरली,
खाजनाच्या बांधातली,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी
जुन्या लाकडाची दारं,
आणि फटीतून निसटणारी एकच शेवटाळी.
पुण्याच्या वर्गणीदाराने विचारलं,
मानस म्हणजे मनच ना?
आम्ही होय म्हटलं.
वर्गणी तीन वर्षांची होती.

एकदा चित्रच नको म्हटलं.
नुसता ख, पानभर, काळा.
इतका मोठा केला की र आणि व
एकमेकांना ओळखेनात.
बाजारात कुणीतरी म्हणालं, रव्याची जाहिरात काय?
त्या रात्री मी बांगडे रव्यात घोळवताना
बायको हसली नाही, हे तिचे उपकार.

तळाची दोन इंचं काजूवाले कामुलकरांची.
हा करार माझ्याहून जुना.
म्हणून माझ्या माणसांना पाय नाहीत.
कुणी विचारलं तर सांगतो,
पाण्यात उभी आहेत.

गेल्या वर्षी मी नाव विसरलो.
शांबाबाबांनी तरुणपणी ब्रशने लिहिलेलं 'खाजन',
जनाच्या न ला थोडं पोट आलेलं.
ते मी नेहमी शेवटी ठेवतो, जेवणावर ताक तसं.
बाराशे प्रती बांधून झाल्यावर कळलं.
ते तेव्हा बांबोळीला, हाताला सलाईन.
प्रत दिली आणि खिडकीकडे बघत बसलो.
त्यांनी समोरून पाहिलं,
उलटून पाहिलं,
पुष्कळ वेळाने म्हणाले,
"बारकोड बरो आयला."

शुक्रवारी बाजारात फटूच्या ठेल्यापाशी
चोरीसच्या माळांआड उभा राहिलो.
पिशवीतून पोय डोकावणारी एक बाई आली,
हळदोण्याची असावी.
इतक्या अंकांत, इतक्या बायकांत, इतक्या पणत्यांत
हात न थबकता खाली गेला.
"खाजन आयलें?"
फटूने सुटे पैसे मोजले.
कशावरून ओळखलं?
मातकट हिरव्यावरून, बिनपायांच्या माणसांवरून,
की कामुलकरांवरून?
पुढे होऊन विचारणार होतो,
पण मग मी कोण, हे सांगावं लागलं असतं.

जूनमध्ये तीच बाई पुन्हा दिसली, सोबत मुलगा,
काखेत शाळेच्या वह्या.
वरच्या वहीला माझं कव्हर, उलटं घातलेलं.
आतली बाजू आम्ही कोरीच सोडतो,
तिथली जाहिरात कधी मिळत नाही.
चित्र आत दडपलेलं, बाहेर स्वच्छ पांढरं.
त्यावर लेबल, एक कोपरा सुटलेला:
गणित, सहावी ब.
अक्षर बरं होतं. समासही बरोबर सोडला होता.